जर्मनीचे ऐक्य आणि महाडचे तळे

एक भाषा बोलणारे, एकाच पराक्रमी पुरुषांची नावे घेणारे आणि एकमेकांस लागून राहणारे लोक आपोआप एक राष्ट्र होतात, अशी समजूत आपल्याकडे फार दिवसांपासून रूढ आहे. ती निराधार आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु ती अपुरी आहे, आणि अपुऱ्या समजुतीवर उभारलेली इमारत किती दिवस टिकते हे पाहावयाचे असल्यास युरोपातील जर्मन मुलुखाच्या इतिहासासारखे दुसरे उदाहरण सापडणे कठीण. तो इतिहास दूरचा म्हणून सोडून देण्याजोगा नाही. त्याचे प्रतिबिंब सावित्रीच्या काठी, महाड आणि पोलादपूर ह्या आपल्या दोन गावांच्या इतिहासात इतके स्पष्ट पडले आहे, की दोन्ही गोष्टी शेजारी मांडल्यावाचून आपलीच गोष्ट आपणांस पुरती उमगावयाची नाही.

अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मनी ह्या नावाचे एक राज्य पृथ्वीच्या पाठीवर नव्हते. पवित्र रोमन साम्राज्य ह्या भव्य नावाखाली तीनशेंहून अधिक लहानमोठी राज्ये, धर्मपीठांच्या जहागिरी व स्वतंत्र शहरे नांदत होती. नेपोलियनने १८०६ साली ह्या जीर्ण साम्राज्याचा शेवट केला आणि त्याच वर्षी येना येथे प्रशियाच्या फौजेची दाणादाण उडविली. १८१५ साली व्हिएन्नाच्या परिषदेने जी नवी घडी बसविली तीत एकोणचाळीस राज्यांचा एक सैल संघ निर्माण झाला. ऑस्ट्रिया व प्रशिया हे त्यातील दोन बलाढ्य गडी. बव्हेरिया, सॅक्सनी, हॅनोव्हर ही मध्यम राज्ये. हांबुर्ग, ब्रेमेन, ल्यूबेक व फ्रँकफुर्ट ही व्यापारी शहरे. आणि बाकीची संस्थाने इतकी चिमुकली, की घोडेस्वार सकाळी निघाला तर दुपारी दुसऱ्याच राजाच्या हद्दीत असावयाचा.

आमच्या वाचकांस हे चित्र अनोळखी वाटू नये. १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर मराठी बोलणाऱ्या मुलुखाची वाटणी अशीच झाली होती. पोलादपुराहून घाट चढून वर गेले, की प्रतापगडापासून साताऱ्याच्या छत्रपतींचे राज्य लागे. ते १८४८ साली छत्रपती शहाजी निवर्तल्यावर इंग्रजांनी खालसा केले. महाडाहून पश्चिमेस म्हसळ्याकडे गेले, की जंजिऱ्याच्या सिद्दीची हद्द. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांस पसरलेले भोरचे संस्थान निराळे. सांगली, मिरज, कोल्हापूर, औंध, फलटण ही निराळी. वऱ्हाड व नागपूर एका प्रांतात, मराठवाडा निजामाच्या राज्यात आणि गोमंतक पोर्तुगीजांच्या ताब्यात. ज्ञानेश्वरी सर्वत्र तीच वाचली जात होती. मात्र वाचणाऱ्यांचे धनी निरनिराळे होते.

अशा विस्कळीत जर्मन लोकांस आपण एक आहो ही जाणीव प्रथम भाषेने करून दिली. मार्टिन लूथरने सोळाव्या शतकात बायबल जर्मन भाषेत आणले, तेव्हापासून लिहिण्याची एक सामान्य भाषा घडत आली होती. हर्डरने लोकगीतांत लोकांचा आत्मा शोधावयास शिकविले. फ्रेंच सैन्य बर्लिनमध्ये असतानाच फिक्टे ह्या तत्त्वज्ञाने १८०७-०८ च्या हिवाळ्यात जर्मन राष्ट्रास उद्देशून व्याख्याने दिली. ग्रिम बंधूंनी १८१२ पासून लोकांच्या तोंडच्या कथा छापल्या, आणि पुढे जर्मन भाषेचा जो प्रचंड कोश आरंभिला त्याचा पहिला भाग १८५४ साली निघाला. हे दोघे बंधू केवळ शब्दांचे पंडित नव्हते. हॅनोव्हरच्या राजाने १८३७ साली राज्यघटना मोडली तेव्हा निषेध करणाऱ्या गटिंगेनच्या सात अध्यापकांत ते होते, आणि त्याबद्दल त्यांस आपल्या जागा गमवाव्या लागल्या.

आपल्याकडेही भाषेचा हा उद्योग मागाहून उसना आणलेला नाही. महाडच्या माथ्यावर उभ्या असलेल्या रायगडावर १६७४ साली राज्याभिषेक झाला, आणि त्याच दरबारी फारशी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द देणारा राज्यव्यवहारकोश शिवछत्रपतींच्या आज्ञेने तयार झाला. शिवभारत रचणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी खुद्द पोलादपुरात आहे, आणि तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ तेथून जवळच. इंग्रजी अमलात १८३१ साली मोल्सवर्थचा कोश निघाला, १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांचे दर्पण निघाले. न्यायमूर्ती रानडे ह्यांनी १९०० साली प्रसिद्ध झालेल्या मराठी सत्तेच्या उदयावरील ग्रंथात असे प्रतिपादन केले, की शिवाजी महाराजांचे राज्य हे एकट्या वीराचे कृत्य नसून संतांनी दोन-तीन शतके केलेल्या लोकजागृतीचे फळ होते. आणि ह्या जागृतीची तुलना त्यांनी युरोपातील धर्मसुधारणेशी केली. जनाबाई, चोखामेळा, नामदेव, तुकाराम ह्यांच्या वाणीने निरनिराळ्या जातींच्या माणसांस एकाच वाळवंटात उभे केले, ह्या गोष्टीस रानड्यांनी जे महत्त्व दिले ते ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

परंतु केवळ गाण्यांनी व कोशांनी जर्मनी एक झाली नाही. येथे आम्ही आमच्या व्यापारी वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. फ्रीड्रिख लिस्ट नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १८१९ साली फ्रँकफुर्टच्या जत्रेत जमलेल्या व्यापाऱ्यांच्या वतीने संघाच्या सभेकडे एक अर्ज केला. त्याचे गाऱ्हाणे साधे होते. हांबुर्गहून ऑस्ट्रियात किंवा बर्लिनहून स्वित्झर्लंडात माल न्यावयाचा तर दहा राज्ये ओलांडावी लागतात, दहा प्रकारचे जकातीचे कायदे शिकावे लागतात आणि दहा वेळा पट्टी भरावी लागते. ज्या माणसास आपल्याच भाषेच्या शेजाऱ्याकडे जाताना दर मुक्कामी परका म्हणून अडविले जाते, त्याने देशाभिमान बाळगावा तरी कोठे? अर्ज बाजूस सारला गेला, लिस्टला पुढे तुरुंग व देशत्याग भोगावा लागला. पण त्याचे म्हणणे खरे ठरले. प्रशियाने १८१८ साली आपल्या राज्यातील अंतर्गत जकाती उठविल्या होत्याच. १ जानेवारी १८३४ रोजी अठरा राज्यांचा जकातसंघ अमलात आला आणि दोन कोटींहून अधिक लोकांची एक बाजारपेठ झाली. पुढल्याच वर्षी न्यूरेंबर्ग व फ्यूर्ट ह्या शहरांदरम्यान जर्मनीतील पहिली आगगाडी धावली. ऑस्ट्रिया ह्या संघाबाहेर राहिला, आणि पुढे जी जर्मनी घडली तीतूनही तो बाहेरच राहिला. नाकी उठली त्या रेषेवर पुढे राष्ट्राची हद्द पडली, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

ह्या लिस्टच्या विचारांचा मोठा आदर रानड्यांनी केला. १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हिंदी अर्थशास्त्रावर त्यांनी जे व्याख्यान दिले त्यात, इंग्लंडास लागू पडणारे खुल्या व्यापाराचे नियम प्रत्येक देशास प्रत्येक काळी लागू पडत नाहीत, हे मत मांडताना त्यांनी लिस्टचा आधार घेतला होता. बाणकोटच्या खाडीतून पडावांनी माल महाडच्या बंदरास लागावा, तेथून पोलादपुरावरून घाटमाथ्यावर चढावा, हा आपला जुना व्यवहार. अशा वाटेवरच्या व्यापाऱ्यास नाक्याचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

आता तिसरी गोष्ट, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची. भाषा एक झाली, बाजार एक झाला. मग ह्या एका घरात बसावयाचे कोणी? जर्मन देशभक्तांत ह्या प्रश्नास दोन उत्तरे होती. एक उत्तर १८४८ साली फ्रँकफुर्टच्या संत पॉलच्या चर्चमध्ये भरलेल्या लोकसभेने दिले. कायद्यापुढे सर्व समान, आणि नागरिकाचे हक्क त्याच्या धर्मावर अवलंबून नाहीत, अशी मूलभूत हक्कांची सनद तिने त्या वर्षाअखेर संमत केली. परंतु तिच्यापाशी फौज नव्हती. १८४९ साली तिने देऊ केलेला मुकुट प्रशियाच्या राजाने नाकारला आणि सभा पांगली. दुसरे उत्तर ह्याहून जुने होते. १८१७ साली वार्टबुर्गच्या किल्ल्यात जमलेल्या विद्यार्थ्यांनी ऐक्याच्या शपथा घेतल्या, आणि त्याच रात्री काहींनी नावडत्या ग्रंथांची नावे पुकारून होळी केली. त्यांत जर्मनपणाच्या वेडावर टीका करणारे, साउल आशर ह्या यहुदी लेखकाचे पुस्तक होते. दोनच वर्षांनी, १८१९ साली, अनेक जर्मन शहरांत यहुद्यांच्या घरांवर व दुकानांवर दंगेखोर चालून गेले. भाषा तीच, बाजार तोच, परंतु शेजारी मात्र परका, असा हा देशाभिमान होता.

ऐक्य अखेर आले ते बिस्मार्कच्या हातून, १८६४, १८६६ व १८७०-७१ अशा तीन युद्धांनी. १८ जानेवारी १८७१ रोजी व्हर्सायच्या राजवाड्यात, पराभूत फ्रान्सच्या छातीवर बसून, जर्मन साम्राज्याची द्वाही फिरविण्यात आली. धर्मामुळे कोणाचे नागरी हक्क कमी होऊ नयेत असा कायदा उत्तर जर्मन संघाने १८६९ सालीच केला होता, तो साम्राज्यासही लागू झाला. परंतु कायद्याने दार उघडले तरी मनाची कडी निघाली नाही. १९३३ साली जे सत्तेवर आले त्यांनी आरंभीच यहुद्यांच्या दुकानांवर बहिष्कार पुकारला. १९३५ साली त्यांचे नागरिकत्व काढून घेतले. आणि त्याचा शेवट लक्षावधींच्या संहारात व जर्मनीच्या स्वतःच्या फाळणीत झाला. आमच्या वाचकांनी ह्या क्रमाकडे नीट पाहावे. संहाराच्या आधी बहिष्कार होता, आणि बहिष्काराचे पहिले ठिकाण दुकानाचा उंबरठा हे होते.

आता आपल्या गावाकडे वळू. मुंबईच्या कायदे मंडळात १९२३ साली सीताराम केशव बोले ह्यांच्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्या वर्गांस मोकळे झाले, आणि महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले असल्याचे ठरविले. हे सर्व कागदावर होते. १९ व २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडास भरली. त्या परिषदेस आलेल्या हजारो माणसांकरिता, काठोकाठ भरलेले तळे समोर असताना, चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. २० तारखेस डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागोमाग लोक तळ्यावर गेले व त्यांनी पाणी प्राशन केले. त्यानंतर, आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी खोटी आवई उठून परिषदेच्या माणसांवर हल्ले झाले, आणि पुढे तळ्याची शुद्धी करण्यात आली. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा परिषद भरली, तेव्हा मंडपास जागा मिळेना. ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. गावच्या व्यापाऱ्यांनी माल न देण्याचे ठरविल्यामुळे शिधासामग्री बाहेरून आणावी लागली. प्रकरण न्यायालयात दहा वर्षे चालले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबईच्या उच्च न्यायालयाने तळ्यावरील सर्वांचा हक्क मान्य केला.

ह्या हकिकतीतली एक गोष्ट आम्हांस विशेष अर्थपूर्ण वाटते. २५ डिसेंबर १९२७ च्या भाषणात बाबासाहेबांनी महाडच्या परिषदेची तुलना १७८९ साली व्हर्साय येथे भरलेल्या फ्रेंच लोकप्रतिनिधींच्या सभेशी केली. व्हर्साय ह्या एका गावात दोन राष्ट्रजन्म झाले आहेत. १७८९ चा जन्म समान हक्कांच्या घोषणेने झाला. १८७१ चा तलवारीने व मुकुटाने. बाबासाहेबांनी महाडसाठी कोणते व्हर्साय निवडले हे उघड आहे. कोणी म्हणेल, त्या दिवशी महाडासही ग्रंथ जाळलाच. होय, मनुस्मृती जाळली. परंतु वार्टबुर्गला जळाले ते शेजाऱ्यास परका मानू नका असे सांगणारे पुस्तक, आणि महाडास जळाली ती माणसास जन्मावरून उच्चनीच ठरविणारी स्मृती. ज्वाला दोन्हीकडे सारखी दिसली तरी एक माणसांस बाहेर काढण्यासाठी पेटली होती, दुसरी आत घेण्यासाठी. आणि ह्या कामी सवर्णांतील सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे ह्यांसारखी माणसे बाबासाहेबांच्या बाजूस उभी होती, हे महाडकरांनी अभिमानाने सांगावे.

मराठी मुलुखाचे ऐक्य ह्यानंतर आले. १९४६ साली बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. आरंभ येथेही साहित्यिकांनीच केला. १९४८ साली जंजिरा, भोर इत्यादी संस्थाने विलीन झाली व हैदराबाद मुक्त झाले. १९५३ साली नागपूर करार झाला. १९५६ साली मुंबई शहर केंद्राच्या ताब्यात देण्याचे ठरले, तेव्हा महाडनजीकच्या नाते येथे जन्मलेले आणि कुलाब्यातून लोकसभेत निवडून गेलेले चिंतामणराव देशमुख ह्यांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी पंडित नेहरू प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याचे अनावरण करण्यास आले, तेव्हा संयुक्त महाराष्ट्र समितीने काळ्या निशाणांनी निदर्शने केली. शंभरांहून अधिक माणसांनी ह्या लढ्यात प्राण दिले, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. बिस्मार्कची तोफ येथे लागली नाही. सभा, मतपेटी व हौतात्म्य ह्यांवर काम झाले, ही समाधानाची गोष्ट होय. बाबासाहेब भाषिक राज्याच्या बाजूचे होते. परंतु १९५५ साली लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी असा इशाराही दिला होता, की भाषिक राज्यात एखादी मोठी जात सर्व सत्ता बळकावून लहान समाजांस दडपू शकते, आणि त्याचा बंदोबस्त आधी केला पाहिजे.

तो बंदोबस्त झाला काय? ह्या प्रश्नाचे उत्तर ह्याच जिल्ह्याने द्यावयाचे आहे. गावकीने एखाद्या कुटुंबास वाळीत टाकले, त्याच्याशी बोलणाऱ्यास दंड ठरविला, त्याला दुकानात माल व गिरणीत दळण मिळेनासे केले, अशा तक्रारी रायगड जिल्ह्यात एकविसाव्या शतकातही इतक्या झाल्या, की सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करण्याची मागणी जोर धरू लागण्यास त्या मोठ्या अंशी कारण झाल्या. विधिमंडळाने तो कायदा २०१६ साली संमत केला व २०१७ साली तो अमलात आला. बहिष्कार घालणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा त्यात सांगितल्या आहेत. योगायोग असा, की त्याच २०१७ साली वस्तू व सेवा कर लागू होऊन देशभर राज्याराज्यांच्या सीमेवरील कराची नाकी उठली. लिस्टने १८१९ साली मागितले ते आपणांस मिळाले. परंतु मालाचा नाका उठला म्हणून माणसाचा नाका उठतो असे नाही. मुंबईहून निघालेले पोते कोणी न अडविता पोलादपुरास पोहोचते. आणि तेच पोते शेजारच्या आळीतील वाळीत पडलेल्या घरापर्यंत पोहोचत नसेल, तर तेवढी जागा अजून परमुलूखच समजावयाची.

ह्यावर असा आक्षेप येतो, की गावकी ही आमची जुनी संस्था आहे. तिने जत्रा चालविल्या, विहिरी उपसल्या, अडल्यानडल्यास मदत केली. तिला शिस्त लावण्याचा अधिकार नको काय? गावकीचे उपकार आम्ही नाकारीत नाही. परंतु मदत करण्याचा अधिकार हा उपाशी ठेवण्याचा अधिकार होऊ शकत नाही. कोणी अपराध केला असेल तर त्याला पोलीस व न्यायालय आहे. आणि बहुधा अपराध तरी कोणता असतो? निवडणुकीत निराळ्या माणसास मत देणे, मनाजोगते लग्न करणे, पंचांकडे वर्गणीचा हिशेब मागणे. ज्या गोष्टी स्वतंत्र नागरिकाने करावयाच्याच, त्याच येथे अपराध ठरतात.

दुसरा आक्षेप व्यापाऱ्यांचा, आणि तो अधिक प्रामाणिक आहे. दुकानदार म्हणतो, मला कोणाचा द्वेष नाही. पण मी एकट्याने माल दिला तर उद्या सर्व गाव माझ्या दुकानाची पायरी चढणार नाही. हे भय खरे आहे. म्हणूनच आम्ही एकेका दुकानदारास धैर्याचे व्याख्यान देत नाही. १८१९ साली फ्रँकफुर्टास व्यापाऱ्यांनी एकेकट्याने अर्ज केला असता तर तो कोणी वाचलाही नसता. त्यांनी संघ करून तो केला. महाड व पोलादपूर येथील व्यापारी मंडळांनी तसेच करावे. गावकीच्या, जातपंचायतीच्या किंवा कोणाच्याही सांगण्यावरून कोणत्याही गिऱ्हाइकास माल नाकारला जाणार नाही, असा एक ठराव सर्वांनी मिळून करावा, तो पेठेत ठळक लावावा, आणि एखाद्या सभासदावर त्यामुळे संकट आल्यास इतरांनी त्याच्या पाठीशी उभे राहावे. सर्वच दुकाने सर्वांस उघडी असली म्हणजे बहिष्कार घालावयास जागाच उरत नाही. १९२७ च्या डिसेंबरात ज्या बाजाराने शिधा नाकारला, त्याच बाजाराने असा ठराव केला, तर त्याहून योग्य प्रायश्चित्त ते कोणते?

ग्रामपंचायतींनी व शाळांनीही आपला भाग उचलावा. १ मे रोजी आपण झेंडे लावतो, हुतात्म्यांस वंदन करितो. २० मार्चला तळ्यावर दूरदूरचे लोक येतात आणि पुष्कळसे गावकरी तो दुसऱ्यांचा सण समजून घरी बसतात. हे दोन दिवस एकाच कार्याचे दोन भाग आहेत असे मुलांस शिकविले पाहिजे. भाषेने आपणांस एकमेकांचे बोलणे कळू लागले. बाजाराने एकमेकांचा माल मिळू लागला. तळ्याने एकमेकांबरोबर पाणी पिण्याचा हक्क दिला. जर्मनीने पहिल्या दोन गोष्टी साधल्या आणि तिसरी केवळ कायद्याच्या कागदावर ठेविली. त्याचे फळ तिने भोगिले. आपल्यापाशी तिन्ही आहेत. तिसरी कागदावरून पेठेत उतरविणे एवढेच काम बाकी आहे, आणि ते दिल्ली किंवा मुंबईहून कोणी येऊन करावयाचे नाही. ते महाड-पोलादपूरच्या दुकानदारांनी, पंचांनी व नागरिकांनी करावयाचे आहे.